मधल्या तीन फळ्या

२२ ऑगस्ट २०२१, रविवार

निनाद सामान आणायला गेला होता, माझी सून मैथिली झोपली होती. तेवढ्यात माळ्यावर जाऊन आलो. मला बंदी आहे. एकाहत्तराव्या वर्षी शिडी चढायची नाही, असं निनादने आपल्या बापाला बजावून ठेवलं आहे.

ह्या घराचा आधीचा मालक स्कॉटलंडचा. गुंगालिन ह्या आमच्या उपनगरातल्या बाकीच्या घरांत गरम हवा फेकणारी यंत्रं असतात. ह्याने स्वतःच्या गावासारखा गॅसवरचा, पाणी तापवणारा बॉयलर बसवला, तोही माळ्यावर, आणि खोल्याखोल्यांत भिंतीला रेडिएटर. काम चोख आहे. पॅसेजच्या छतात झाकण, त्याला घडीची पक्की शिडी. वर डोकं निघताच हाताला लागेल असं दिव्याचं बटण. तिथपासून बॉयलरपर्यंत दोन फूट रुंद फळ्यांची वाट. बॉयलरभोवती उभं राहायला फळ्यांचाच ओटा, कडेला पट्टी, हातातला पाना निसटला तर खाली जाऊ नये म्हणून. हे सगळं लागतं, कारण खालचं छत नुसतं प्लास्टरचं आहे. त्यावर कापसासारखं इन्सुलेशन. माणसाचं वजन फक्त तुळया पेलतात.

ठाण्याच्या रंगाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. शिडीची एक पायरी हलली तरी लॉगबुकात लाल शाईने लिहायचो: वर जाण्याची सोय असुरक्षित, चढू नये. मॅनेजर चिडायचे. हा बॉयलर मी पास केला असता.

तीन महिन्यांसाठी ह्या परदेशात आलो होतो, मग विमानं बंद झाली. एकोणीस महिने झाले. ह्या घरात मला कळणारी ही पहिली वस्तू.

४ सप्टेंबर, शनिवार

मैथिलीने मातीचा गणपती केला आहे. पाचवा महिना चालू आहे, तरी दोन तास खाली मांडी घालून बसते. सोंड छान जमली आहे.

निनाद म्हणाला, "टीव्हीच्या टेबलावर बसवू."

"आणि टीव्ही?" मी विचारलं.

"टीव्ही पण राहील. बाजूला सरकवू थोडा."

"म्हणजे गणपती बातम्या बघत बसणार दहा दिवस."

मैथिली हसली. निनाद म्हणाला, "दहा? आपल्याकडे दीडच दिवस असतो ना?"

मी म्हणालो, ह्या वर्षी दहा. का म्हणालो ते सांगता आलं नाही. दहा दिवस घरात काहीतरी माझ्याकडे असेल.

मखर मी करणार. प्लाय हवा. लॉकडाऊनमुळे लाकडाच्या दुकानात जायला बंदी, फोनवर मागवायचं, आणि दुकानवाले म्हणतात दहा दिवस लागतील.

"बाबा, पुढच्या वर्षी करू मखर," निनाद म्हणाला.

"पुढच्या वर्षी मी इथे असेन का?"

"आत्ता तरी कुठे चाललाय?"

चेष्टेत म्हणाला. मीही हसलो.

६ सप्टेंबर, सोमवार

निनाद कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. मैथिली तपासणीला हॉस्पिटलात. माळ्यावरच्या वाटेतल्या मधल्या तीन फळ्या काढल्या. चार-चार स्क्रू. बॉयलरभोवतीचा ओटा आणि शिडीजवळच्या फळ्या तशाच आहेत. मधे फक्त पाच-सहा फुटांची फट. तिथे तुळया आहेत. तुळईवर पाय टाकून मी दोनदा पलीकडे जाऊन आलो. मी जातो तर कोणीही जाईल. आणि जाणार कोण? सर्व्हिस गेल्या वर्षी झाली. वीस तारखेला परत लावून टाकीन.

उघडी जागा बरी दिसेना. खालची ऊबही गेली असती. बाजूचा कापूस ओढून सारखा पसरला.

१० सप्टेंबर, शुक्रवार

गणपती बसले. मी प्राणप्रतिष्ठा केली. फळ्यांच्या दोन पायऱ्या, मागे उभी तिसरी, तिच्यावर मैथिलीची जांभळी साडी. सुंदर झालं. ठाण्याहून फोनवर सगळे बघत होते. चित्रा, माझी बहीण, म्हणाली, "दादा, सुतार झालास की." खूप दिवसांनी कोणी माझ्या कामाबद्दल काही म्हणालं.

निनादने खालच्या पायरीची कड अंगठ्याने चाचपली. "फळ्या कुठून?"

"गॅरेजमध्ये होत्या."

"हं," म्हणाला. गॅरेज गेल्या महिन्यात त्यानेच आवरलं, पण फळ्या त्याच्या नजरेत भरल्या नसतील. त्याचं लक्ष नसतं अशा गोष्टींकडे.

समईचं तेल थोडं सांडलं. पुसलं, तरी लाकडाने प्यायलं.

१४ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे बॉयलर बंद पडला. इथला हिवाळा अजून सरलेला नाही, बाहेर शून्याच्या खाली. मैथिली दोन पांघरुणं घेऊन बसली आहे, तरी तिची बोटं गार.

निनादने फॅबियनला फोन केला. हा वसईचा, गॅसच्या कामाचा फिटर, गेल्या हिवाळ्यात सर्व्हिसला आला होता. तेव्हा दारातच चपला काढून आत आला आणि मला काका म्हणाला. लॉकडाऊनमुळे त्याची कामं तुंबली आहेत, पण मैथिलीचं ऐकून म्हणाला, उद्या सकाळी पहिलं तुमचंच करतो.

फोन स्पीकरवर होता. "निनाद, वरचं सगळं तसंच आहे ना? शिडी, लाइट, फळ्या? आता फर्म फार कडक झालीय रे. आधी विचारून फॉर्मवर टिक करावं लागतं. वाट नसेल तर मला चढायलाच बंदी."

निनाद माझ्याकडे वळला. "बाबा, आहेत ना फळ्या?" विचारताना तो गणपतीकडे बघत होता. अलीकडे जरा भाविक झाला आहे.

मूर्ती एकदा बसवली की उत्तरपूजेपर्यंत जागची हलवत नाहीत. आणि फळ्या कुठे आहेत हे सांगायचं तर मी वर चढलो होतो हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "आहेत."

"आहेत म्हणतायत बाबा," निनाद फोनमध्ये म्हणाला.

१५ सप्टेंबर, बुधवार

फॅबियन माळ्यावरून पडला. छत फोडून पॅसेजमध्ये. टाचेचं हाड. अँब्युलन्स आली. हॉस्पिटलात कोणालाही सोडत नाहीत, त्याच्या बायकोलाही नाही.

आज एवढंच.

१६ सप्टेंबर, गुरुवार

कालचं नीट लिहितो.

सव्वाआठला आला. मास्क लावलेला. आधी गणपतीसमोर उभा राहून हात जोडले. "आमच्या पाड्यात शेजारच्यांच्या आरतीला झांज माझ्याकडे असायची. घरी येऊन मम्मीचा मार खायचो, होमवर्क राहायचा म्हणून." मग मखर बघितलं. "मस्त झालंय काका. घरी केलं?"

"हो."

"मला पण शिकवा. ख्रिसमसला गोठा करायचाय."

मोदक उरलेत का, विचारलं. मैथिली म्हणाली, काम झाल्यावर. "म्हणजे पगार मोदकात," म्हणत चढला.

मी शिडीपाशी. निनाद माझ्या मागे. वर दिवा लागला. वरून आवाज आला, "काका, कापूस वर पसरलाय सगळा. फळ्या खाली आहेत ना?"

ही गोष्ट काल लिहिली नाही. त्याने विचारलं आणि मी पुन्हा म्हणालो, "आहेत."

मनात होतं, तुळई सापडेल त्याला. निनाद मागे होता. त्याच्यासमोर तोंड उघडवेना. तीन शब्द पुरे होते. थांब, मी काढल्यात.

मग प्लास्टरचा आवाज आणि तो. कापसाचे पुंजके बराच वेळ वरून पडत होते. तो ओरडला नाही. "काका, मैथिलीला इकडे आणू नका," असं म्हणाला.

अँब्युलन्स गेली. निनाद माझ्याकडे बघत राहिला. मी आंघोळ केली, सोवळं नेसलो, उत्तरपूजा केली. अक्षता टाकल्या, मूर्ती हलवली. बादलीत विसर्जन केलं. चार दिवस आधी. मैथिली खोलीत होती. आरती म्हटली नाही.

जी मूर्ती फॅबियनसाठी हलवता येत नव्हती, ती हलवायला मला वीस मिनिटं लागली.

मी साडी सोडवली. निनादने फळ्या उचलल्या, एकेक करून वर नेल्या. ड्रिलचा आवाज ऐकत मी बादलीशेजारी बसलो होतो. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

२१ सप्टेंबर, मंगळवार

फर्मने दुसरा फिटर पाठवला, इथलाच, वयस्क. तासात बॉयलर सुरू झाला. घर तापलं. खाली उतरताना तो निनादला म्हणाला, "वर सोय चांगली आहे. अशी सगळीकडे नसते." पण एके ठिकाणी हातमोज्याला तेल लागलं म्हणाला, बॉयलर तर गॅसचा. निनाद म्हणाला, जुनं असेल.

फॅबियनच्या टाचेत सहा स्क्रू घातले.

पॅसेजमधल्या भोकाला निनादने प्लॅस्टिक चिकटवलं आहे. वाऱ्याने ते आत ओढलं जातं, मग बाहेर फुगतं. मी बाथरूमला जाताना खाली बघून जातो.

२९ सप्टेंबर, बुधवार

कामगार सुरक्षा खात्याच्या माणसाने व्हिडिओवरून पाहणी केली. लॉकडाऊन संपेपर्यंत ते घरात येत नाहीत. निनाद फोन घेऊन वर चढला. शिडी मी धरली.

शिडी दाखव. बटण दाखव. फळ्यांची रुंदी मोज. सगळं नियमात बसलं. भोक वाटेच्या कडेबाहेरही फाटत गेलं आहे, म्हणून त्यावर प्रश्न आला नाही. मग त्या माणसाने विचारलं, त्या दिवशीही ह्या इथेच होत्या? निनाद म्हणाला, "येस." थोडा वेळ गेला होता मधे. फोनची रेंज असेल.

शेवटी माझ्याशी बोलले. "सर, तुम्ही खाली उभे होता. तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"नो," मी म्हणालो. माझ्या इंग्रजीला एवढं जमतं.

रात्री जेवताना निनाद म्हणाला, "बाबा, तुमच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अजून पेंडिंग आहे. कुठेही तुमचं नाव नको यायला." मी मान हलवली. तो घराची काळजी करतो, साहजिक आहे, घर त्याचं आहे.

मैथिलीने ताट अर्धं टाकलं.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

मुंबईला विमानं सुरू होणार, असं सगळे म्हणतात. निनादने नोव्हेंबरची चौकशी केली आहे. बाळ जानेवारीत होईल. "बाळ बघून जा की," असं दोघांपैकी कोणी म्हणालं नाही. आधी म्हणायचे.

कारखान्यातला मधू आठवला. माझा हेल्पर. एकदा माझी परवानगी नसताना वर चढला म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर शिडीखाली तासभर उभा केला होता. तो पडला नव्हता. नुसता चढला होता.

१७ ऑक्टोबर, रविवार

लॉकडाऊन परवा उठला. आता पाच माणसांपर्यंत एकमेकांकडे जाता येतं. कोणाला न सांगता चालत फॅबियनकडे गेलो, वीस मिनिटं. दार आयरीनने उघडलं, त्याच्या बायकोने. वृद्धांच्या होममध्ये काम करते. डोळ्यांभोवती अजून कामावरच्या संरक्षक चष्म्याच्या खुणा होत्या.

"या ना काका. बसा. हा बघा, राजा झालाय. उशी दे, पाणी दे."

फॅबियन सोफ्यावर, पाय स्टुलावर. "काका! मोदक राहिले माझे."

मी केळी नेली होती. दुसरं काही सुचलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, वर्षभर शिडी नाही. पुढेही सांगता येत नाही. तो हसत सांगत होता. आयरीन हसत नव्हती.

"शिडी राहू दे," ती म्हणाली, "तुझी फर्म काय म्हणते ते सांग काकांना."

"जाऊ दे ना."

"जाऊ दे काय? काका, ह्याचा व्हिसा फर्मवर आहे. माझा ह्याच्यावर. ते म्हणतात, वर वाट होती, लाइट होता, रिपोर्टमध्ये आहे. हाच वाट सोडून चालला. सेफ्टीचा नियम मोडला म्हणून काढणार. शुक्रवारी मीटिंग आहे. काढलं की साठ दिवसांत दुसरी फर्म शोधायची, नाहीतर देश सोडायचा. ह्या पायाला साठ दिवसांत कोण नोकरी देणार?"

मी केळ्यांच्या पिशवीची गाठ सोडत होतो. सुटत नव्हती.

फॅबियन म्हणाला, "मी फर्मला सांगितलं, काका, फळ्या नव्हत्या. तुमचं नाव नाही घेतलं, शपथ. नुसतं म्हटलं, पायाखाली काही लागलं नाही. त्यांनी फोटो दाखवला. फळ्या आहेत! मग मी पण विचार केला. तुम्ही तर दोनदा म्हणालात आहेत म्हणून. तुमच्यासारखा बॉयलरवाला माणूस. मग असणारच. मीच बाजूला पाय टाकला असणार. पडताना डोकं आपटलं ना, नीट आठवत नाही आता."

"रोज तेच बोलतो," आयरीन म्हणाली. "झोपेत पण. मीच चुकलो, मीच चुकलो."

मी म्हणालो, "काळजी घे." आणि उठलो. दारात आयरीनने पिशवी परत दिली. "केळी आहेत आमच्याकडे, काका. तुम्ही ठेवा."

परत चालत आलो. एका बाकावर बसलो. समोरून ट्राम दोनदा गेली. केळी तिथेच ठेवली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर इंग्रजीत लिहीत होतो. पाच वेळा लिहिलं. शेवटी कारखान्यात लिहायचो तसं लिहिलं, तारखेने. सहा सप्टेंबरला मी, चारुदत्त, वय एकाहत्तर, बॉयलरकडे जाणाऱ्या वाटेतल्या मधल्या तीन फळ्या काढल्या. पूजेच्या मखरासाठी. उघड्या जागेवर इन्सुलेशन पसरलं. चौदाला विचारलं तेव्हा फळ्या आहेत असं खोटं सांगितलं. पंधराला फिटरने वरून विचारलं, तेव्हा पुन्हा. फिटरने कोणताही नियम मोडला नाही. पडल्यानंतर त्याच दिवशी फळ्या परत लावल्या. त्यांतल्या एका फळीला समईच्या तेलाचा डाग आहे आणि तिन्हींत मिळून मखराच्या स्क्रूंची जास्तीची बारा भोकं आहेत. ती पाहावीत.

शेवटी लिहिलं: माझ्या मुलाला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. फळ्या मी परत लावल्या.

मला ईमेल पाठवता येत नाही. कागद मैथिलीला दिला. निनाद त्याच्या खोलीत होता, दार लावून, मीटिंगमध्ये.

तिने उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, हे वाक्य राहू दे?"

"हो. फळ्या वर त्याने नेल्या, पण ते राहू दे. बाकी खरं आहे."

तिने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, फॅबियन यायच्या आदल्या रात्री निनाद झोपला नाही. मी विचारलं तर म्हणाला, बाबांना वाईट वाटेल."

"कशाचं?"

तिने कागद माझ्याकडे वळवला. मी बसलो.

तिने पेन दिलं. शेवटच्या दोन्ही ओळी मी खोडल्या. त्यांच्या जागी काही लिहिता आलं नाही. ते त्याने लिहायचं. मैथिलीने सगळं टाइप केलं, सुरक्षा खात्याचा पत्ता घातला, फोन माझ्यासमोर धरला. "तुम्हीच दाबा."

दाबलं.

मग फॅबियनला फोन केला. मराठीत सांगितलं, सगळं, क्रमाने. पलीकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला.

"म्हणजे नव्हत्याच," तो म्हणाला.

"नव्हत्या."

"मी एक महिना, काका..." थांबला. "मी त्या मखराचं कौतुक केलं."

"हो."

"ठेवतो आता," म्हणाला. काका म्हणाला नाही.

२० ऑक्टोबर, बुधवार

खात्याचा ईमेल आला. उद्या दहाला दोन माणसं प्रत्यक्ष येणार. फॅबियनच्या फर्मलाही कळवलं आहे, शुक्रवारची मीटिंग पुढे ढकलली. रद्द केलेली नाही.

काल निनाद माझ्याशी बोलला नाही. आज संध्याकाळी स्वयंपाकघरात आला. पाणी प्यायला. ग्लास धुतला, पुसला, परत धुतला.

"मी गॅरेज आवरलं होतं, बाबा," म्हणाला.

"माहीत आहे."

"मला वाटलं, सकाळी तो येण्याआधी तुम्ही स्वतःच सांगाल."

"मला वाटलं, तू भाविक झालास."

तो हसला असता एरवी. पॅसेजमध्ये जाऊन प्लॅस्टिकखाली उभा राहिला. म्हणाला, उद्या माझं मी सांगेन. मी बरं म्हणालो.

मग त्याने शिडी उघडली आणि खालचा पाय धरून उभा राहिला. "चढा," म्हणाला. "मी धरतो. डाग कुठे आहे तो दाखवा मला. त्यांना नेमका दाखवता आला पाहिजे."

वर गेलो. दिवा लावला. मधली फळी, शिडीकडून चौथी. हाताएवढा काळा डाग. त्यावर धूळ आणि कापूस चिकटला आहे. बोटाने थोडा साफ केला, दिसावा म्हणून. खाली निनाद विचारत होता, "सापडला?"

"आहे," मी म्हणालो.

शिडी हलली. स्वतः बघायला वर येत होता.